चौकटीबाहेरची लांडोर



आपल्यातल्याच एका तरुणाने जिंतूरच्या डोंगराकडे जाऊन नाचणाऱ्या मोराचा फोटो काढला. फोटो सुरेख आला आहे. मागे भरून आलेले आभाळ, समोर ओले माळरान आणि मधोमध पूर्ण उघडलेला पिसारा. एका कॅलेंडरसाठी तो निवडला गेला आणि त्याखाली ओळ छापली गेली, 'पावसाचा आनंद'. नंतर त्याने मोबाईलवर मला मूळ फोटो दाखवला. त्यात उजव्या बाजूला एक लांडोर होती. मोराकडे पाठ करून ती निवांतपणे दाणे टिपत होती. कॅलेंडरच्या चौकटीत बसेना म्हणून आणि दिसायलाही साधीच म्हणून तिला कापून टाकले होते. तो हसत हसत म्हणाला, "काका, हे खोटं बोलणं झालं का? कबुलीला जाऊन सांगायला पाहिजे का?"

त्याने थट्टेने विचारले असले तरी प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आज आपल्यातल्या बहुतेकांच्या खिशात कॅमेरा आहे. पक्षी, प्राणी, फुले, सूर्योदय यांचे फोटो आपण रोज काढतो, त्याहून जास्त फोटो पुढे पाठवतो आणि प्रत्येकाखाली चार शब्द लिहितो. ते चार शब्द म्हणजे एक छोटी गोष्टच असते. मुक्या पाखराच्या तोंडी आपण ही जी गोष्ट घालतो, ती कुठपर्यंत चालते?

आधी मोर खरोखर काय करत असतो ते पाहू. आपण ज्याला मोराची शेपटी म्हणतो ती शेपटी नाहीच. खरी शेपटी मागे असते, आखूड आणि तपकिरी, साधारण वीस पिसांची. पिसारा उभा राहतो तो तिच्या आधाराने. पिसाऱ्याची लांब पिसे शेपटीच्या वरच्या भागातून निघतात आणि ती दीडशे-दोनशेच्या घरात असतात. त्यांतला निळा रंग हा रंगद्रव्याचा नसतो. पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो आणि आपल्याला निळा दिसतो. विणीचा हंगाम संपत आला की ही पिसे गळू लागतात आणि नवी पुरती वाढायला काही महिने लागतात. त्यामुळे 'दिवाळीची रम्य पहाट' अशा ओळीखाली भरगच्च पिसाऱ्याचा रानातला मोर दिसला, तर तो फोटो दिवाळीचा नसावा असे समजायला हरकत नाही.

आता नाचाकडे येऊ. मोर पावसाच्या आनंदाने नाचतो असे आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्याकडे त्याचा विणीचा काळ आणि पावसाळा एकत्र येतात, म्हणून ही समजूत झाली. पाऊस नसला आणि लांडोर जवळ असली, तरी मोर पिसारा फुलवतो. तो नाचतो लांडोरीसाठी. पिसारा उभारून तो थरथरवतो. ही थरथर सेकंदाला सुमारे पंचवीस वेळा होते आणि तरीही पिसाऱ्यावरचे डोळे जागच्या जागी थांबल्यासारखे दिसतात, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. २०१३ च्या दुसऱ्या एका अभ्यासात लांडोरीच्या डोक्यावर छोटे उपकरण बसवून तिची नजर कुठे जाते ते पाहिले गेले. आपण ज्या वरच्या डोळ्यांवर लुब्ध होतो तिकडे तिचे लक्ष फारसे जात नाही. ती पाहते मुख्यतः पिसाऱ्याच्या खालच्या भागाकडे. आणि बराच वेळ तर ती दुसरीकडेच पाहत असते. त्या तरुणाच्या मूळ फोटोतली लांडोर अगदी नेहमीसारखी वागत होती, एवढेच.

आपल्या मराठवाड्यात हिंदीतली एक म्हण सर्रास वापरली जाते, जंगल में मोर नाचा, किसने देखा? कोणी पाहिले नाही तर त्या नाचाचा उपयोग काय, असा तिचा अर्थ. म्हण करणाऱ्याने लांडोरीला मोजलेच नव्हते. मोर जिच्यासाठी नाचतो ती तिथे हजर असते. कॅलेंडरवाल्यानेही तिला मोजले नाही, आणि फोटोतला आनंद पावसाच्या नावावर लागला.

मोरावर गोष्टी रचण्याची आपली सवय फार जुनी आहे. आपले पाय पाहून मोर रडतो, हे आजीने सांगितलेले असते. मोर आजन्म ब्रह्मचारी असतो आणि त्याचे अश्रू टिपून लांडोर गर्भवती होते, ही समजूत तर २०१७ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी निवृत्तीच्या दिवशी पत्रकारांसमोर खरी म्हणून सांगितली. मोराचे मीलन इतर पक्ष्यांसारखेच होते. इथे एखादे साधे छायाचित्रही पुरेसे उत्तर ठरते. कॅमेऱ्याची खरी ताकद हीच आहे. शंभर वर्षे तोंडोतोंडी चाललेली गोष्ट तो एका क्षणात मोडू शकतो, कारण आपण त्याला साक्षीदार मानतो.

मग गोष्ट सांगूच नये का? तसे मला वाटत नाही. ग. दि. माडगूळकरांचे मोरावरचे बालगीत १९५३ च्या 'देवबाप्पा' चित्रपटात आले. पु. ल. देशपांड्यांनी चाल दिली, आशा भोसल्यांनी गायले आणि तेव्हापासून मराठी घरांतली लेकरे त्यावर नाचत आली आहेत. ते ऐकून कोणाची फसवणूक झाली? कोणाचीच नाही. हे गाणे आहे, हे दोन वर्षांच्या पोरालाही कळते. प्रभू येशूने उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली तेव्हा तो मुलगा कोणत्या गावचा, असे कोणी विचारले नाही. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात एक समजूत असते. ती पाळली गेली की कल्पित गोष्टही खरेच काहीतरी सांगून जाते.

या बाबतीत संत ऑगस्टीन आपल्याला दोन प्रकारे उपयोगी पडतात. पहिला प्रकार थोडा गमतीचा आहे. मोराचे मांस सडत नाही असे त्या काळी मानत. म्हणूनच रोमच्या कॅटाकोम्बमध्ये, म्हणजे भुयारी कबरस्थानांत, आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी अमर जीवनाची खूण म्हणून मोर रंगवला. ऑगस्टीन 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या एकविसाव्या भागात लिहितात की कार्थेज शहरात त्यांच्यापुढे शिजवलेला मोर आला. त्यांनी छातीचा एक तुकडा बाजूला ठेवायला सांगितला. काही दिवसांनी पाहिला, वास येत नव्हता. तीस दिवसांनी पाहिला, तसाच. वर्षाने पाहिला तेव्हा थोडा सुकून आक्रसला होता, इतकेच. आज आपण म्हणू, एका तुकड्यावरून काय सिद्ध होणार? हवा कोरडी असेल, तुकडा नीट शिजलेला असेल. पण ऐकलेली गोष्ट त्यांनी तशीच पुढे पाठवली नाही, तपासून पाहिली, हे मला फार आवडते. आपल्या व्हॉट्सॲपच्या गटात एवढे कष्ट कोण घेतो?

दुसरा उपयोग अधिक गंभीर. इ. स. ३९५ च्या सुमारास त्यांनी असत्यावर एक पुस्तक लिहिले आणि पंचवीस वर्षांनी त्याच विषयावर दुसरे. त्यांचा रोख असा की बोललेला शब्द वस्तुस्थितीशी जुळतो की नाही एवढ्यावर असत्य ठरत नाही. मनात एक ठेवून, समोरच्याला फसवण्याच्या हेतूने दुसरे सांगणे म्हणजे असत्य. थट्टेला ते असत्य म्हणत नाहीत, दृष्टान्तालाही नाही. कॅटाकोम्बमध्ये मोर रंगवणारा चित्रकार या कसोटीला उतरतो. अमुक ठिकाणी अमुक मोर मी पाहिला, असे तो सांगतच नव्हता. फोटो मात्र नेमके तेच सांगतो. त्याच्या खाली काही लिहिलेले नसले तरी पाहणारा गृहीत धरतो की हे असे घडले आणि कोणीतरी तिथे उभे राहून पाहिले. गाण्याला जी सूट आहे ती फोटोला नाही, असे मी म्हणतो ते यासाठी.

या गृहीताचा गैरफायदा घेतल्याची उदाहरणे आहेत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वन्यजीव छायाचित्रांची मोठी स्पर्धा दरवर्षी होते. २००९ साली तिचे पहिले पारितोषिक एका स्पॅनिश छायाचित्रकाराच्या फोटोला मिळाले. रात्रीच्या अंधारात एक लांडगा शेताच्या फाटकावरून उडी मारून आत येतो आहे, असे दृश्य. फोटोचे नावच 'गोष्टीतला लांडगा' अशा अर्थाचे होते. पुढे शंका आल्या आणि चौकशीअंती हा लांडगा बहुधा माणसाळलेला, पाळीव असावा असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला. छायाचित्रकाराने ते नाकारले, पण जानेवारी २०१० मध्ये पारितोषिक काढून घेण्यात आले. याच स्पर्धेत २०१७ साली ब्राझीलच्या एका फोटोला एका विभागाचे बक्षीस मिळाले होते. वारुळाजवळ आलेला मुंगीखाऊ प्राणी त्यात होता. २०१८ मध्ये तज्ज्ञांनी म्हटले की तो भुसा भरलेला प्राणी दिसतो आणि तेही बक्षीस गेले.

कोणी म्हणेल, यात नुकसान कोणाचे झाले? चित्र तर सुंदर होते. मला लांडग्याचे नुकसान दिसते. लांडगा रात्री फाटक ओलांडून शेतात शिरतो, म्हणजे कशासाठी ते पाहणारा आपणच ठरवतो. आपल्या भागातल्या मेंढपाळांना लांडगा ठाऊक आहे आणि त्याच्या नावावर काय काय खपते तेही ठाऊक आहे. लांडग्याची मुळातच बदनामी आहे आणि त्या फोटोने त्यात एका पुराव्याची भर घातली असती. आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये असे सांगते. लांडगा किंवा मोर आपला 'शेजारी' आहे का, यावर धर्मगुरूंनीच बोललेले बरे. पण ज्याला उलटून बोलता येत नाही त्याच्याविषयी साक्ष देताना जबाबदारी वाढते, हे सांगायला धर्मशास्त्र शिकावे लागत नाही. मोर काही संपादकांना पत्र लिहीत नाही.

उलट बाजूचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. याच स्पर्धेत २०१६ साली मुंबईच्या नयन खानोलकर यांना शहरी विभागाचे पारितोषिक मिळाले. आरे कॉलनीतल्या वारली वस्तीत घरांमधल्या वाटेवरून बिबट्या चालला आहे, असा तो फोटो. त्यामागे काही महिन्यांची खटपट होती. बिबट्या कुठून जातो ते ओळखून कॅमेरा बसवायचा, दिव्यांची योजना करायची आणि वाट पाहायची. म्हणजे योजना होती, कृत्रिम उजेड होता, चौकट आधी ठरवलेली होती. आणि त्या फोटोने गोष्टही मोठी सांगितली, की माणूस आणि बिबट्या एकाच वाटेने ये-जा करत जगू शकतात. ही गोष्ट त्या वस्तीची आणि त्या बिबट्याची होती. छायाचित्रकाराने ती घडवून आणली नव्हती. योजना आणि लबाडी एकच नव्हेत, हे या फोटोवरून कळावे.

मग लांडोर कापणे कशात मोडते? प्रत्येक फोटो काहीतरी कापतोच. लेन्स चारही दिशांना पाहू शकत नाही. विजेची तार दिसू नये म्हणून चौकट थोडी सरकवली तर त्याला मी लबाडी म्हणणार नाही. माझी कसोटी साधी आहे. जे बाहेर ठेवले ते नंतर कळले तर पाहणारा काय म्हणेल? 'असं होय' म्हणून पुढे जाईल, की 'मग हे मला सांगायला हवं होतं' म्हणेल? तारेच्या बाबतीत तो पुढे जाईल. लांडोरीच्या बाबतीत मात्र, नाचाचे कारणच कापले आणि दुसरेच कारण खाली लिहिले. कापणे माफ करता येईल, ती ओळ माफ करणे जड जाते. नुसते 'मोर, जिंतूर तालुका' असे लिहिले असते तर माझी काही तक्रार नव्हती. फोटो निम्मेच सांगतो, उरलेले फोटोओळ सांगते, आणि खोट्याला वाट बहुतेक वेळा तिथे मिळते. मोर, लांडोर आणि पिल्ले एकत्र दाखवून खाली 'सुखी कुटुंब' लिहिलेले चित्र मी पाहिले आहे. खरे तर मोराचा पिल्लांशी काही संबंध नसतो. झुडपाच्या आडोशाला जमिनीवरच्या खळग्यात चार-सहा अंडी घालायची, जवळजवळ महिनाभर उबवायची, पिल्लांना घेऊन हिंडायचे, हे सगळे एकटी लांडोर करते. कॅलेंडरवर मात्र तिला जागा नाही. हे वाचून आपल्यातल्या काही भगिनी हसतील, आणि त्या का हसतात ते मी विचारणार नाही.

फोटो मिळवण्यासाठी काय केले, हाही प्रश्न आहेच. दाणे टाकून मोराला रोज एका जागी बोलावणे, ध्वनिमुद्रित केका वाजवून त्याला भुलवणे, उडतानाचा फोटो हवा म्हणून मागे धावणे, असे प्रकार चालतात. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला सर्वांत कडक संरक्षण आहे. त्या कायद्याने शिकारीची व्याख्या करताना मारण्याबरोबरच वन्यप्राण्याला हाकणे आणि आमिष दाखवणे हेही धरले आहे. हातात बंदूक नसली म्हणजे सगळेच निर्दोष, असे कायदाही मानत नाही. पळवून पळवून दमवलेल्या मोराचा फोटो 'मुक्त जीवन' म्हणून छापणे मला लांडोर कापण्यापेक्षा पुष्कळ वाईट वाटते. शेजारच्या बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ पासून आहे. तिथे जाणाऱ्यांनी एवढे तरी मनात ठेवून जावे.

आता ज्यांच्याकडे कॅमेरा नसतो अशांची बाजू. आपल्यातले पुष्कळजण शेतकरी घरातले आहेत. पेरणी झाली की मोर धुऱ्यावरून सरीत उतरतात आणि बियाणे उकरून खातात. भुईमूग असो, हरभरा असो, भाजीपाला असो, त्यांना सगळे चालते. २०१६ साली गोव्यात मोराला उपद्रवी प्राण्यांत धरण्याचा विचार सरकारी पातळीवर बोलून दाखवला गेला, तेव्हा देशभर टीका झाली. टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी दुबार पेरणी केली होती, कोण जाणे. मोराला विष घालणे हा गुन्हा आहे आणि पापही, यात मला शंका नाही. पण वर्षानुवर्षे फक्त ढग आणि पिसारा दाखवणारी चित्रेच पाहिली, तर आखाड्यावर राहणाऱ्या माणसाचा त्रास शहरातल्या माणसाला खोटा वाटू लागतो. एकही चित्र खोटे नसताना सगळी मिळून खोटी गोष्ट सांगू शकतात. त्या तरुणाने कधी सकाळी सातला पेरलेल्या वावरातल्या मोरांचा फोटो काढला, तर कोणतेही कॅलेंडर तो घेणार नाही. आपल्या सूचनाफलकावर मात्र तो लावायला हवा.

अलीकडे एक नवीच अडचण आली आहे. संगणकाला नुसते सांगितले की तो चित्र बनवून देतो. छायाचित्रकार नको, मोर नको आणि पाऊसही नको. २०२४ मध्ये इंटरनेटवर मोराच्या पिल्लाचा फोटो शोधला की अशी बनावट चित्रे भराभर समोर येत, आणि त्यावर बरीच चर्चा झाली. पांढरेशुभ्र अंग, निळी मान, मागे इवलासा रंगीत पिसारा, मोठे डोळे. लोकांनी कौतुकाने ती एकमेकांना पाठवली. इथे कोणी काही कापलेले नाही, कारण कापायला मुळात काही नव्हतेच. त्या चित्राला साक्षीदार नाही, आणि आपण मात्र साक्ष म्हणून ते पुढे पाठवतो.

मोराचे खरे पिल्लू तपकिरी असते, वाळलेल्या गवताच्या आणि मातीच्या रंगाचे. नर असो की मादी, सुरुवातीला सारखेच दिसते. पूर्ण पिसारा यायला नराला साधारण तीन वर्षे लागतात. पिल्लू पाहायचे असेल तर पावसाळ्यात सकाळी लवकर माळावर किंवा ओढ्याकाठच्या झुडपांकडे जावे, लांब उभे राहावे आणि बोलू नये. ते सहसा एकटे नसते. आधी लांडोर दिसेल, मग तिच्या पायाशी गवत हलताना दिसेल.